घरच्या कॉम्प्युटरवर केरवा: मिडीबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात या सदरात मी एवढंच लिहिलं होतं, की घरच्या साध्या कॉम्प्युटरवर मिडी सिक्वेन्सर (स्वर आणि ठेका मांडून वाजवून घ्यायचं सॉफ्टवेअर) टाकून गाण्याची साथ स्वतः बांधता येते. त्यावर सेलूपासून उमरग्यापर्यंतच्या वाचकांनी विचारणा केली. अंबाजोगाईत मी पेटी शिकवते आणि आसपासच्या शाळांना गॅदरिंगसाठी ट्रॅक बांधून देते. त्या कामातून जे कळलं, त्याच्या आधारानं ही उत्तरं.

प्रश्न : ताई, मी आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. वय पन्नाशीच्या पुढं. पोराचा जुना कॉम्प्युटर, ४ जीबी रॅमवाला, घरात पडून आहे. कोण म्हणतंय महागडा कीबोर्ड घ्या, कोण म्हणतंय साउंड कार्ड घ्या. मला तर मिडी म्हणजे नेमकं काय, हेच कळंना झालंय. सुरुवात कशानं करावी? (सेलू, जि. परभणी)

उत्तर : काका, सध्या एक रुपयासुद्धा खर्च करू नका. तुमच्याकडं बोटं तयार आहेत, कान तयार आहे आणि कॉम्प्युटर आहे. सुरुवातीला एवढं पुरतं.

मिडी फाइल म्हणजे बंदिशीची वही. वहीत आवाज नसतो. कोणता स्वर, कधी, किती वेळ, एवढं लिहिलेलं असतं. मिडीत त्याच्या जोडीला पट्टी किती जोरात दाबली तेही आकड्यात लिहिलं जातं, १ ते १२७ मध्ये. पांढरी एकचा मधला सा म्हणजे ६०, काळी एक म्हणजे ६१, पांढरी दोन म्हणजे ६२, असे पट्ट्यांचेही आकडे ठरलेले आहेत. प्रत्यक्ष आवाज काढतं ते सॉफ्टवेअरमधलं वाद्य. म्हणून आज पेटीवर बांधलेली चाल उद्या त्याच फाइलमधून बासरीवर वाजवता येते, आणि तीन मिनिटांचं गाणं थोड्याशा केबीत मावतं. त्याच गाण्याचं सीडीच्या दर्जाचं रेकॉर्डिंग केलं तर मिनिटाला साधारण १० एमबी लागतात. तुमच्या जुन्या मशीनला मिडी झेपतं ते यामुळं.

हे सगळं १९८३ पासून चालत आलंय. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एका वायरीनं जोडले, आणि दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलली. त्यामागचे डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं. तुमच्या दृष्टीनं यातली कामाची गोष्ट ही, की ती भाषा आजही तीच आहे. उद्या कुणी तीस वर्षांपूर्वीचा कीबोर्ड दिला आणि त्याला मिडीचं छिद्र असलं, तर तोही चालेल.

आता सॉफ्टवेअर. तुम्ही एलएमएमएस घ्या. फुकट आहे, विंडोजवरही चालतं आणि लिनक्सवरही. त्यात एसएफटू प्लेअर नावाचं वाद्य आहे, त्यात साउंडफाँट, म्हणजे वाद्यांच्या आवाजांची फाइल, भरायचा. फ्लुइड-आर-थ्री नावाचा साउंडफाँट फुकट मिळतो, त्यात पियानोपासून सनईपर्यंत १२८ वाद्यं सापडतील. मग पिआनो रोल (स्वर भरायची चौकटींची जाळी) उघडा आणि कॉम्प्युटरच्या टाइप करायच्या कीबोर्डवरच बोटं ठेवा. खालच्या ओळीतलं झेड म्हणजे सा, एक्स म्हणजे रे, सी म्हणजे ग, व्ही म्हणजे मध्यम, बी, एन, एम म्हणजे प, ध, नी. कोमल रे एस वर, कोमल ग डी वर, तीव्र मध्यम जी वर, कोमल ध आणि कोमल नी एच आणि जे वर. काळ्या पट्ट्या पेटीवर जिथं असतात तिथंच झेडच्या वरच्या ओळीत आल्यात, बघा. पेटीवाल्याला ही मांडणी समजावून सांगावी लागत नाही. जोर मात्र या बटणांवर कमीजास्त होत नाही, तो मागाहून माऊसनं भरावा लागतो.

एक मर्यादा आधीच सांगते. एलएमएमएसमध्ये गळ्याचं रेकॉर्डिंग होत नाही. त्यासाठी ऑडॅसिटी वापरा, तेही फुकट आहे. आणि लाइटीचा भरवसा नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. दर ओळीनंतर कंट्रोल-एस दाबायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

प्रश्न : शाळेतला जुना कीबोर्ड घरी आणला. मागं पाच भोकांची दोन गोल छिद्रं आहेत. यूएसबी-मिडी वायर आणून जोडली, रीपर हे सॉफ्टवेअर टाकलं, तर आवाजच येईना. मित्रानं काहीतरी केल्यावर यायला लागला, पण पट्टी दाबली की आवाज मागून येतोय. वायर खराब आहे का? (केज, जि. बीड)

उत्तर : सर, वायर चांगली आहे. मिडीच्या वायरीतून सेकंदाला ३१,२५० बिट जातात. एक स्वर दाबल्याचा निरोप पोचायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. तेवढा उशीर माणसाच्या कानाला कळत नाही. उशीर होतोय तो कॉम्प्युटर आवाज तयार करून स्पीकरला देतो तिथं.

तुम्ही बहुतेक विंडोजचा स्वतःचा मायक्रोसॉफ्ट जीएस वेव्हटेबल हा आवाज निवडलाय. फाइल नुसती ऐकायला तो ठीक आहे, हातानं वाजवायला अजिबात नाही. एएसआयओ-फोर-ऑल हा फुकट ड्रायव्हर टाका, रीपरच्या ऑडिओ डिव्हाइसमध्ये तो निवडा आणि बफर, म्हणजे आवाजाचे किती नमुने साठवून एकदम पुढं द्यायचे तो आकडा, २५६ ठेवा. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या दरानं २५६ म्हणजे सहा मिलिसेकंदांच्या आत. तेच १०२४ ठेवलं तर २३ होतात, आणि तबलजीचा हात लगेच अडखळतो. २५६ वर आवाज फुटायला लागला तर ५१२ करा.

पहिल्यांदा आवाज का नव्हता, तेही समजून घ्या. कीबोर्डच्या ‘आउट’मधून निघालेली वायर कॉम्प्युटरच्या ‘इन’कडे जायला हवी. स्वस्तातल्या वायरींवर ही नावं दोन्ही अर्थांनी छापलेली असतात. चाललं नाही तर दोन्ही टोकं अदलाबदल करून बघा, बिघडत काही नाही. पुढं प्रेफरन्सेसमध्ये तो कीबोर्ड इनपुट म्हणून चालू करायचा, ट्रॅकचं लाल बटण दाबायचं, इनपुट मिडी ठेवायचं, ट्रॅकचा मॉनिटर (वाजवताना आवाज ऐकवणारं बटण) चालू करायचा आणि ट्रॅकवर एखादं वाद्य टाकायचं. रीसिंथ नावाचं वाद्य रीपरमध्येच असतं. वाद्य नसलेला मिडी ट्रॅक मुकाच राहतो, आणि बहुतेकांचं घोडं तिथंच अडतं. रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं. पुढं वापरायचं ठरलं तर परवाना घ्या.

प्रश्न : मी तबला शिकायलोय. पिआनो रोलमध्ये केरवा भरला, क्वांटाइज केला (बोल रेघेवर बसवले), मात्रा एकदम बरोबर आहेत. तरी मशीनसारखा वाजतोय. रेडिमेड लूप (तयार ठेक्याचे तुकडे) घ्यावेत का? (औसा, जि. लातूर)

उत्तर : लूप घेऊ नका. तुम्ही तबला शिकताय, म्हणजे लूप विकणाऱ्यापेक्षा तुमचा केरवा तुम्हाला जास्त ठाऊक आहे. तुमचा ठेका कॉम्प्युटरला शिकवा. हे मी अगदी आग्रहानं सांगते.

धा गे ना ति, न क धिं न. कागदावर आठ बोल आहेत, पण पिआनो रोलमध्ये आठ नोटा भरल्या की तिथंच बिघडतं. धा हा दोन हातांचा बोल आहे. उजव्या हाताचा तबला आणि डग्गा वेगळ्या ट्रॅकवर घ्या. डग्ग्याची खुली घुमक येते पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेला. सहाव्याला ‘क’ची बंद थाप. उजवा हात पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या, सातव्या, आठव्याला. आता नुसता डग्ग्याचा ट्रॅक लावून ऐका. भरी कुठं आणि खाली कुठं, ते कानाला लगेच कळतं. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत घुमक नाही, म्हणून सातव्याचा धिं उठून येतो. एकाच ओळीत सगळं कोंबलं की हीच गोष्ट हरवते.

मग जोर. समेचा धा ११० च्या आसपास, गे ७० च्या खाली, ति त्याहून हलका, धिं ९५. हे आकडे माझ्या कानाचे आहेत, तुमच्या गुरुजींच्या हाताचे वेगळे असतील. त्यांच्याजवळ बसून ऐका आणि तेच भरा.

मग वेळ. क्वांटाइज पूर्ण शंभर टक्के लावलंत की प्रत्येक बोल रेघेवर जाऊन बसतो. साठ टक्क्यांपर्यंत लावा, राहिलेलं हाताचं राहू द्या. माऊसनं भरत असाल तर ‘न क’ ही जोडी किंचित मागं सरकवा. रीपरमध्ये एका क्वार्टरचे, म्हणजे लय मोजायच्या एका ठोक्याचे, ९६० भाग असतात. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत २० भाग म्हणजे साधारण १० मिलिसेकंद. ऐकताना उशीर वाटत नाही, पण ठेका डुलायला लागतो. सम मात्र रेघेवरच ठेवा.

डग्ग्याचं घुमणं पिच बेंडनं, म्हणजे स्वर वर-खाली वाकवायच्या सोयीनं, येतं. इथं एक सापळा आहे: पिच बेंड एका नोटेला लागत नाही, सगळ्या चॅनलला, म्हणजे त्या वाटेनं जाणाऱ्या सगळ्या नोटांना, लागतो. म्हणूनच डग्गा वेगळ्या चॅनलवर ठेवायचा. आणि बेंड वर नेला की पुढच्या बोलाआधी परत मध्यावर आणायचा. मध्यावर न आणलेला बेंड पुढचा अख्खा डग्गा चढा वाजवतो, आणि माणूस तासभर साउंडफाँटमध्ये दोष शोधत बसतो.

शेवटी, एकच आवर्तन चौसष्ट वेळा चिकटवू नका. चार आवर्तनं वेगवेगळी बांधा, चौथ्यात छोटी उठावणी टाका, आणि अंतऱ्याला लग्गी. दादरा बांधताना प्रोजेक्टचं मात्रांचं माप ६/८ करा, रूपकाला ७/८. नाहीतर सम दर आवर्तनाला रेघेपासून सरकत जाते आणि कॉपी-पेस्ट करताना गोंधळ होतो.

प्रश्न : मी काळी चारमध्ये गाते. एका दादांनी काळी एकमधली मिडी फाइल दिली. सरांनी +७ (सात अर्धस्वर वर) करायला सांगितलं. केलं, तर सगळा ड्रम बिघडला. (वसमत, जि. हिंगोली)

उत्तर : +७ बरोबर आहे, −५ पण चालेल, दोन्हींनी काळी चारच येते, फक्त सप्तक बदलतं. बासरी +७ नं कर्कश वाटली तर ती −५ नं घे. पण चॅनल १० ला हात लावायचा नाही. जनरल मिडी या, कोणत्या आकड्याला कोणतं वाद्य ते ठरवणाऱ्या, १९९१ च्या ठरावानुसार त्या चॅनलवर आकडा म्हणजे स्वर नसतो, वाद्य असतं. ३६ वर बास ड्रम, ३८ वर स्नेअर. तू सात वाढवलेस, म्हणून ३८ चा स्नेअर ४५ वर जाऊन टॉम वाजायला लागला. तो एक चॅनल वगळून बाकी सगळे निवड. लय कमी करायची तर टेम्पो बिनधास्त कमी कर, स्वर उतरत नाही.

प्रश्न : गोंधळाची गाणी बांधायची आहेत. १२८ वाद्यांत संबळ सापडला नाही. सनई आहे, पण मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) येत नाही. (उमरगा, जि. धाराशिव)

उत्तर : संबळ त्यात नाहीच. तबला, ढोलकी, पखवाज हेही नाहीत. जनरल मिडीच्या त्या यादीत १०५ वर सतार आणि ११२ वर सनई आहे; काही सॉफ्टवेअर शून्यापासून मोजतात, तिथं १०४ आणि १११ बघा.

सनईच्या मींडेचं कारण सोपं आहे. पिच बेंडची हद्द सहसा दोन्हीकडं दोन-दोन अर्धस्वरांची असते. सा वरून रे गाठता येतो, शुद्ध ग चार अर्धस्वर दूर, तो हातात येत नाही. वाद्याच्या सेटिंगमध्ये ही हद्द १२ करा. पिच बेंडला १६,३८४ पायऱ्या असतात, त्यामुळं हद्द वाढवली तरी मींड खडबडीत होत नाही. सनईच्या ट्रॅकवर एका वेळी एकच स्वर वाजू द्या, आणि इथंही बेंड मध्यावर आणायला विसरू नका.

संबळासाठी तुमच्यासारखं नशीब पुण्या-मुंबईच्या स्टुडिओवाल्यांचं नाही. तुळजापूर तुमच्याच जिल्ह्यात, आणि संबळ वाजवणारे हात तुमच्या ओळखीत असतील. एखाद्या वादकाला घरी बोलवा. ज्या खोलीत गाद्या-रजया रचलेल्या असतात ती निवडा, पंखा बंद करा, मोबाईल हातभर अंतरावर ठेवा. दोन्ही पुड्यांचे टोल एकेक करून घ्या, हलका, मध्यम, जोराचा, आणि प्रत्येक चार-पाच वेळा. टोल पूर्ण विरेपर्यंत थांबा. मग ऑडॅसिटीत ते कापून वेगवेगळ्या वेव्ह फाइली करा आणि एलएमएमएसच्या ऑडिओ-फाइल-प्रोसेसरमध्ये एका ट्रॅकवर एक भरा. एकच टोल लागोपाठ येतो तिथं दोन वेगळी रेकॉर्डिंगं आलटून पालटून वापरा. तेवढ्यानंच मशीनपणा बराचसा जातो.

वादकाला दिवसाची बिदागी द्या, आवाज कशासाठी घेताय ते आधी सांगा, आणि गाणं कुठं लावलंत तर त्याचं नाव द्या.

प्रश्न : सप्ताहात मृदंगाऐवजी असा ट्रॅक लावला तर चालेल का? मृदंगाचार्य मिळणं अवघड झालंय. (कंधार, जि. नांदेड)

उत्तर : नका लावू. कीर्तनकार अभंगाच्या चरणावर थांबतात, परत मागं येतात, मध्येच लय चढवतात. मृदंग त्यांच्या तोंडाकडं बघून वाजतो. ट्रॅकला ते दिसत नाही, आणि टाळकऱ्यांची तर पार फरफट होते. ट्रॅक रियाजाला वापरा. गावातल्या दोन पोरांना मृदंगावर बसवा, त्यांना भजनी ठेका ६० च्या लयीत बांधून द्या, हात बसला की ७०, मग ८०. वीस मिनिटांची ऑडिओ फाइल काढून त्यांच्या मोबाईलवर टाका, म्हणजे रानात जातानाही बोल तोंडात राहतील. ऑडिओ काढताना मूळ प्रोजेक्टची फाइल जपून ठेवा. पोरांचा हात तयार झाला की लय वाढवून नवी काढायला तीच लागणार आहे.