कॉफीची नवीन वेबसाइट आहे, इन्स्टावर लाइक्सही येतात, पण ऑर्डर येत नाहीत. काय करू?

साइट बघितली तुमची. पहिल्या स्क्रीनवर नुसती कपातली वाफ दिसते, कॉफी कुठली, कधी भाजली, पाकीट केवढ्याला हे कळायला खाली खाली जावं लागतं आणि तोवर माणूस निघून जातो. तिथे पाकिटाचाच फोटो टाका, भाजल्याची तारीख वाचता येईल इतक्या जवळून. फोटो आधी कॉम्प्रेस करा, पाच एमबीचा फोटो मोबाइलवर उघडेपर्यंत कोणी थांबत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दळण. आपल्याकडे बहुतेक घरात कॉफीचा ग्राइंडर नसतो हो, त्यामुळे 'साउथ इंडियन फिल्टर', 'मोका पॉट', 'फ्रेंच प्रेस' असे पर्याय ऑर्डर करतानाच द्या, आणि घरी काहीच साधन नसेल तर पातेल्यात कशी करायची याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मराठीत टाका, तो लोक नक्की फॉरवर्ड करतील. चिकरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड) असेल तर टक्का स्पष्ट लिहा. बिया चिकमगळूरच्या अरेबिका म्हणताय, तर 2019 मध्ये त्या कॉफीला जीआय टॅग, म्हणजे ती त्याच भागाची खासियत असल्याची सरकारी नोंद, मिळालाय हेही सांगा की!

जाहिरातीवर पैसे इतक्यात नकोच. गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे, ते भरा, व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग लावा, आणि पहिल्या गिऱ्हाइकांना तीन आठवड्यांनी मेसेज करून विचारा, कॉफी संपली का? 250 ग्रॅमचं पाकीट रोज दोन कप करणाऱ्या घरात साधारण तेवढंच पुरतं.