जाताना ताशी ६०, येताना ताशी ४०, तर सरासरी वेग ५० का येत नाही?

दोन्ही वेगांनी सारखाच वेळ गाडी चालली असती, तर ५० आला असता. इथे सारखं आहे ते अंतर. तेच अंतर ताशी ४० ने कापायला जास्त वेळ लागतो, म्हणून सरासरी ४० कडे झुकते.

अंतर दिलेलं नसलं की मी दोन्ही वेगांचा लसावि धरायला सांगतो: १२० किमी. जायला २ तास, यायला ३ तास. २४० भागिले ५, म्हणजे ताशी ४८ किमी. दुसरं कुठलंही अंतर धरलंत तरी उत्तर हेच. लसाविने अपूर्णांक टळतात, इतकंच. सूत्रही आहे (वेगांच्या गुणाकाराची दुप्पट भागिले वेगांची बेरीज), पण ते फक्त दोन समान अंतरांसाठी. स्पर्धा परीक्षेत 'अर्धे अंतर' ऐवजी 'अर्धा वेळ' असं गुपचूप लिहिलं की सूत्र पाठ केलेले बरोब्बर तिथे फसतात. तिथे उत्तर सरळ ५०.

टप्पे लहानमोठे असतील तर आणखी जपून. समजा, ४० किमी सपाट रस्ता ताशी १०० ने आणि १० किमी घाट ताशी ४० ने. घाईत कोणी ७० म्हणतो. जरा विचार करणारा अंतराच्या प्रमाणात सरासरी काढून ८८ सांगतो, आणि ही चूक जास्त फसवी, कारण उत्तर पटण्यासारखं दिसतं. प्रमाण धरायचं ते वेळेचं. सपाटीला २४ मिनिटं, घाटाला १५. ५० किमी ३९ मिनिटांत. ५० × ६० ÷ ३९ = साधारण ७६.९. घाट अंतराचा पाचवाच हिस्सा, पण वेळ खातो एकतृतीयांशाहून जास्त! वाटेत ११ मिनिटं चहाला थांबलात आणि तो वेळही धरायचा असेल, तर एकूण ५० मिनिटं आणि सरासरी थेट ६०.

कॅल्क्युलेटरवर १ तास २० मिनिटं १.२० म्हणून टाकू नका, ते १.३३ तास होतात. मिनिटांतच हिशेब करून शेवटी ६० ने गुणणं सोपं.

याच जातीचं एक गणित हमखास विचारतात: ३० किमी ताशी ३० ने गेलो, जाऊन-येऊन सरासरी ६० हवी, तर परतीचा वेग किती? ६० किमीला ताशी ६० ने एक तास लागतो आणि तो जातानाच संपला. परतीला शून्य मिनिटं उरतात, म्हणजे कितीही पळवा, जमणार नाही.