बायोडिझेल पर्यावरणासाठी खरंच चांगलं असतं का, की नुसतंच नाव चांगलं? टेम्पोत वापरावं का?

मी हॉटेलं, फरसाणवाले, वेफर्सचे छोटे कारखाने यांच्याकडून तळणीचं वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलच्या प्लांटला पोचवतो. म्हणजे माझं पोट यावरच आहे, तरीही तुमच्या प्रश्नाला सरसकट हो म्हणवत नाही, कारण बायोडिझेल म्हणजे वनस्पती तेलापासून किंवा चरबीपासून केलेलं डिझेलसारखं इंधन, आणि ते कुठल्या तेलापासून केलंय हे कळल्याशिवाय ते चांगलं की वाईट हे सांगताच येत नाही.

आधी धुराचं बघू. बायोडिझेलमध्ये गंधक जवळपास नसतं आणि त्याच्यातच थोडा ऑक्सिजन असतो त्यामुळे ते जास्त पूर्ण जळतं, काजळी कमी येते. अमेरिकेच्या ईपीएने, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेने, २००२ साली जे आकडे काढले त्यात २० टक्के मिश्रणाने (म्हणजे डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल) धुरातले कण साधारण १० टक्के आणि कार्बन मोनॉक्साइड ११ टक्के कमी झाला, शुद्ध बायोडिझेलवर तर दोन्ही जवळपास निम्म्यावर आले. पण नायट्रोजन ऑक्साइड मात्र वाढले, २० टक्के मिश्रणात २ टक्के आणि शुद्धमध्ये १० टक्के, आणि शहरातल्या हवेसाठी ते वाईटच. हे आकडे जुन्या इंजिनांचे आहेत, बीएस-६ गाडीला, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या कडक नियमांप्रमाणे बनवलेल्या गाडीला, धूर साफ करायची यंत्रणा कंपनीचीच असते म्हणून तिथे हा फायदा तेवढा दिसत नाही. जमिनीवर किंवा पाण्यात सांडलं तर डिझेलपेक्षा खूप लवकर कुजून जातं, हा मात्र निर्विवाद फायदा.

आता खरा मुद्दा. लोक म्हणतात झाडाने हवेतला कार्बन घेतला, आपण जाळला, हिशोब फिटला. हे तेव्हाच खरं जेव्हा त्या झाडासाठी दुसरं काही तोडलेलं नसतं. इंडोनेशियात डिझेलमध्ये पाम तेलाचं बायोडिझेल मिसळणं सक्तीचं आहे, २०२० ला ३० टक्के होतं आणि २०२५ पासून ४० टक्के केलंय. तिथल्या पामच्या मळ्यांसाठी पूर्वी जंगलं तर गेलीच पण दलदलीची पीटची (अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची) जमीनसुद्धा चर खणून सुकवली, आणि त्या मातीत हजारो वर्षांचा कार्बन साठलेला असतो, सुकली की तो सुटायला लागतो, आग लागली तर महिनोन्‌महिने धुमसत राहते. २००८ मध्ये सायन्स नियतकालिकात फार्जियोन आणि सहकाऱ्यांनी हिशोब मांडला होता की अशा पीटवरच्या जंगलाच्या जागी पाम लावून बायोडिझेल केलं तर सुटलेला कार्बन भरून निघायला ४२३ वर्षं लागतील. चारशे तेवीस! हे वाचल्यापासून पाम बायोडिझेलला हिरवं इंधन म्हटलेलं मला सहन होत नाही.

आपल्याकडे जट्रोफाचं म्हणजे मोगली एरंडाचं काय झालं ते बऱ्याच शेतकऱ्यांना आठवत असेल. पडीक जमिनीवर, बिनपाण्याचं येतं असं सांगून लागवडी करवल्या, केंद्र सरकारच्या २००९ च्या जैवइंधन धोरणात तर २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य होतं. झाड जगतं पाण्याशिवाय, पण बी धरत नाही नीट, आणि पाणी-खत द्यायचंच असेल तर शेतकरी त्याच्याऐवजी खायचं पीक घेईल ना.

म्हणून मी तळणीच्या तेलावर येतो. एफएसएसएआय म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे की तेलातले पोलर घटक (पुन्हा पुन्हा तापवल्याने तेल बिघडून तयार होणारे घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते खायला वापरायचं नाही. असं काळं झालेलं तेल एकतर गटारात जातं नाहीतर स्वस्तात एखाद्या गाडीवाल्याकडे जाऊन परत कुणाच्यातरी पोटात जातं, आणि हे दुसरं जास्त वाईट. त्याचं बायोडिझेल केलं तर नवीन जमीन लागत नाही, जंगल तुटत नाही, गटार तुंबत नाही. यातही तेलाचं बायोडिझेल करायला मिथेनॉल नावाचं रसायन लागतं जे बहुतेक नैसर्गिक वायू नाहीतर कोळशापासून येतं, म्हणजे शून्य कार्बन तेही नाही, पण बाकी सगळ्यांपेक्षा कितीतरी बरं.

फक्त हे पुरणारं नाही. देशभरातून वर्षाला २२० कोटी लिटरपर्यंत असं तेल मिळू शकेल असा एफएसएसएआयचा अंदाज होता, ते सगळंच्या सगळं गोळा झालं तरी आपल्या डिझेलच्या खपाच्या दोनेक टक्केच होईल. २०३० पर्यंत ५ टक्के मिश्रणाचं सरकारी लक्ष्य आहे, उरलेलं कशातून आणणार? तिथे जर आयात पाम तेल शिरलं तर आपण आपलं डिझेल वाचवून दुसऱ्याचं जंगल जाळणार, ही मला खरी भीती वाटते.

टेम्पोचं म्हणाल तर हायवेला स्वस्तात ‘बायोडिझेल’ म्हणून जे विकतात त्यापासून लांब राहा. बऱ्याच ठिकाणी त्यात भलतीच सॉल्व्हंट मिसळलेली असतात आणि अशा धंद्यांवर धाडीही पडल्यात. परवाना आणि बिल मागा, तेल कशापासून केलंय तेही विचारा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये किती टक्के चालतं ते बघा, बीएस-६ असेल तर त्या टक्क्यांच्या वर अजिबात जाऊ नका. जुन्या गाडीत टाकणार असाल तर सुरुवातीला टाकीतला साचलेला गाळ सुटून फिल्टर चोक होतो, एक जादा फिल्टर जवळ ठेवा, आणि रबरी पाइप जुने असतील तर आधी बदलून घ्या कारण ते फुगतात.