५० ओव्हरच्या मॅचला विकेट काढणारा पण रन देणारा फास्टर घ्यावा, का टाईट टाकणारा?

भावा, डोळे झाकून विकेट काढणाराच घे. वनडेत रन थांबवायचा सगळ्यात पक्का मार्ग म्हणजे विकेट, कारण सेट झालेला बॅट्समन शेवटच्या दहा ओव्हरला टाईट टाकणाऱ्यालाबी सोडत नाही, पण ४ बाद ४० झालं की मागचे सगळे नुसते टिकायला बघतात आणि रनरेट आपसूक पडतो. २०२३ च्या वर्ल्डकप सेमीफायनलला शमीनं ५७ रन दिले, पण ७ विकेट काढल्या आणि न्यूझीलंडसमोर ३९७ चा डोंगर असताना विल्यमसन-मिचेलची जमलेली जोडी त्यानंच फोडली, तिथं किफायतशीर बॉलर घेऊन काय करणार होता? शास्त्रीनगरला क्लब मॅचेस बघतोय त्यातबी हेच दिसतं, नवीन बॉल पुढं टाकून कट काढणाऱ्याला (म्हणजे टप्प्यावर बॉल आत-बाहेर हलवणाऱ्याला) कीपरच्या बाजूला कॅचसाठी दोन स्लिप दिल्या की ओपनरचे पायच हलत नाहीत. मात्र स्लिप काढून, रन वाचवायला पॉइंट-कव्हरचे फिल्डर मागं पाठवणारा कॅप्टन असंल तर असला बॉलर वाया जातो. आणि एक बघा, चौकार खाल्लेले चालतील पण वाईड-नोबॉलची खैरात करणारा नको, नोबॉलला फ्री हिट जाते आणि ओव्हर संपतच नाही.