आज्जी आधी पाऊसच का विचारते?

चि. सोनू,

रविवारी फोन ठेवल्यावर तू गाल फुगवून बसलीस. "आज्जी आधी पाऊस विचारते, मग युद्ध, आणि माझी शाळा सगळ्यात शेवटी. मराठी लोक असेच असतात का?" तोंडी सांगायला बसले की तू मध्येच उठून जातेस, म्हणून लिहूनच देते.

सगळ्या मराठी लोकांचं मी काय सांगणार? कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या आपल्या खानापूरचं सांगते. तिथं पावसावाचून बोलणं सुरूच होत नाही. आमचा तालुका पश्चिमेला सह्याद्रीला टेकलाय. कणकुंबी-जांबोटीकडं पाऊस नुसता ओततो आणि पूर्वेला बिडी-इटगीकडं तोच पाऊस कितीतरी कमी. त्यामुळे एकाच तालुक्यातले पाव्हणेसुद्धा भेटले की "तुमच्याकडं हाय काय?" असं विचारतात. आज्जीही तुला तेच विचारते, "पाऊस पडूलालाय काय ग तिकडं?" तू "हो" म्हणून मोकळी होतेस. तिला मात्र किती, कसा, वाऱ्याचा की संथ, धुणं वाळलं का, हे सगळं पाहिजे असतं. इंग्लंडातल्या आपल्या लीड्सचा पाऊस दिवसभर टिपटिप करतो आणि ओढ्याला पाणी येत नाही, हे तिला अजून पटलेलं नाही.

तिच्या स्वयंपाकघरात भिंतीला कॅलेंडर आहे, ते तू पाहिलंयस. त्यात पावसाची नक्षत्रं छापलेली असतात. सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस राहतो. 7-8 जूनला मृग लागतो, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, असं करत हस्तापर्यंत. पुनर्वसूला तरणा पाऊस म्हणतात आणि पुष्याला म्हातारा. प्रत्येक नक्षत्राला वाहनही असतं, कधी बेडूक, कधी म्हैस, कधी गाढव. वाहनावरून पाऊस कळतो यावर माझा विश्वास नाही, आणि खरं म्हणजे आज्जीचाही फारसा नाही. पण बेडूक आला की ती खूश होते.

नक्षत्रं मात्र शेतीला नेमकी लागतात. वळीव झाला की मशागत, मग कोरड्या रानात भाताची धूळवाफ पेरणी. मृगानं दडी मारली की उगवण बिघडते. ज्यांना रोप लावायचंय त्यांना पुढं चिखलाला पाणी पाहिजे. सुगीत उलटं. भात कापून आडवं पडलंय आणि वरून सर आली की दाणा काळा पडतो, पिंजर कुजते आणि जनावरांच्या वर्षाच्या वैरणीचा प्रश्न उभा राहतो. असल्या गावातली बाई आधी पाऊसच विचारणार.

पावसाची मापंही तिथली वेगळी. मिलिमीटर पेपरात. माणसांच्या तोंडी मात्र "हब्बनहट्टीच्या मारुतीला पाणी लागलं." मलप्रभा चढली की नदीकाठचं ते देऊळ पाण्यात जातं, आणि एवढं एक वाक्य ऐकलं की पुढचं सगळ्यांना कळतं. चोर्ला घाटातून गोव्याला जायचं का, दूध बेळगावला पोचेल का, उद्या शाळेला सुट्टी पडेल का. सुट्टी जिल्हाधिकारी जाहीर करतात. आदेश कन्नडमधून निघतो, पण सुट्टीचा कन्नड आदेश न कळणारं मराठी पोर मी अजून पाहिलेलं नाही.

आता युद्धाचं. खानापुरात बसून आज्जीला इराणचं काय पडलंय, हा तुझा खरा प्रश्न. तुझा धाकटा मामा मस्कतला आहे, हे एक. दुसरं तिच्या शेगडीखालचा सिलिंडर. भारतात बाहेरून येणारा स्वयंपाकाचा गॅस बहुतेक आखातातूनच येतो, इराणच्या काठच्या होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून. 2022 मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला तेव्हा आपल्याकडं सूर्यफुलाचं तेल भडकलं, कारण ते मुख्यतः त्या दोन देशांतूनच यायचं. पोटॅश खत तर भारतात जवळजवळ सगळंच बाहेरून येतं, त्यात रशिया आणि बेलारूस मोठे. काजूचंही तसंच. आफ्रिकेतून कच्चा काजू किती उतरला यावर आपल्या बांधावरच्या काजूचा दर हलतो. आज्जीला आयव्हरी कोस्ट नकाशात दाखवता येणार नाही, पण तिथं पीक चांगलं आलं की इथं दर पडतो हे तिला पक्कं माहीत आहे.

आणि लष्कर. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र 1922 पासून बेळगावात आहे. आमच्या भागात घराघरातून कोणीतरी फौजेत असतो. इराकचं नाव गावाला टीव्हीमुळे कळलं असं समजू नकोस. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढल्या, कुत-अल-अमाराच्या वेढ्यात उपाशी राहिल्या आणि एप्रिल 1916 मध्ये वेढ्यातल्या ब्रिटिश-हिंदी फौजेला तुर्कांपुढं शरण जावं लागलं. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी इटलीत दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले. त्यामुळे कुठंही लढाई पेटली की आमच्याकडं पहिला प्रश्न असतो, "आपलं कोण हाय तिकडं?" टीव्हीवर रात्री नऊला जे ओरडत बसतात त्यांच्यापेक्षा मला हा प्रश्न बरा वाटतो.

हे सगळं तिला कळतं बेळगावच्या पेपरातून. तरुण भारत 1919 पासून निघतोय आणि आमच्या घरी माझ्या लहानपणापासून येतोय. आज्जी आधी निधनवार्ता वाचते, मग पाऊस, मग भाजीपाल्याचे दर, मग जग. सीमाप्रश्नाची कोर्टातली तारीख असली तर तेवढ्यापुरता क्रम बदलतो. 2004 पासून तो दावा सुप्रीम कोर्टात आहे, त्यामुळे ती आता मथळा वाचून पान उलटते.

तुझी शाळा शेवटी येते, कारण त्यावर तिला निवांत बोलायचं असतं. आधीच्या बातम्या उरकून ती पाय पसरून बसते, तोवर तू "आई, झालं का?" म्हणून फोन माझ्याकडं देतेस.

या रविवारी आपण चारला फोन लावू, तिथं साडेआठ वाजलेले असतात. त्यानंतर तिची सिरीयल असते आणि मग तिला ना पाऊस लागतो ना नात. पावसाचं नीट सांग. चालू नक्षत्राचं वाहन कोणतं ते विचार. मामाचा फोन आला होता का, तेही विचार. आणि तुमच्या वर्गातली ती युक्रेनहून आलेली मुलगी आहे ना, तिच्याबद्दल सांग. आज्जी तिच्या घरात कोण कोण आहे, तिकडं कोण राहिलंय, ती जेवते काय, सगळं विचारेल. उत्तरं तयार ठेव.

तुझी,
आई