मराठी-कन्नडच्या खिचडीमुळे माझं इंग्रजी बिघडलंय का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला बेळगावात, घरात मराठी, बाजारात कन्नड, शाळा मराठी माध्यमाची. पुण्यातल्या मुलाखतीत 'आय ॲम वर्किंग सिन्स थ्री इयर्स' म्हणालात आणि समोरचे हसले. दोन भाषांच्या ओढाताणीत तिसरीचं वाटोळं झालं का?

ओढाताण कसली हो? या बाबतीत दोघींचं गूळपीठ आहे, आणि अडचण तीच आहे. आपण 'तीन वर्षांपासून' म्हणतो आणि 'सोमवारपासून'ही म्हणतो. कन्नडमध्ये 'मूरु वर्षदिंद' आणि 'सोमवारदिंद'. किती काळ झाला ते सांगा नाहीतर सुरुवात कधी झाली ते सांगा, शेपूट एकच. क्रियापदही दोन्हीकडे बिनघोर वर्तमानकाळात. इंग्रजी मात्र इथे फाटे फोडते: कालावधीला 'फॉर', सुरुवातीला 'सिन्स', आणि मागे सुरू झालेलं अजून चालू आहे म्हणून क्रियापद 'हॅव बीन वर्किंग'. क्लासवाले 'सिन्स'चं 'फॉर' करून देतात आणि पोरं 'आय ॲम वर्किंग फॉर थ्री इयर्स' म्हणून मोकळी होतात. मोठी चूक क्रियापदात होती, ती तशीच राहते.

ही चूक बेळगावात कोणी का पकडत नाही, ते कुठल्याही काउंटरवर दिसेल. मागे एका बँकेत माझ्यापुढे खानापूरकडचे एक काका होते. क्लार्कने कन्नडमध्ये विचारलं, काकांनी मराठीत उत्तर दिलं. दोघांनाही दोन्ही भाषा कळत होत्या, पण माघार कोण घेणार? तिसऱ्या वाक्याला दोघेही इंग्रजीत. 'यू डू वन थिंग, कम टुमारो ओन्ली.' काका सरळ म्हणाले, 'टुमारो नॉट पॉसिबल, टुडे ओन्ली डू.' काम झालं! 'एक काम करा' म्हणजेच 'ओंदु केलसा माडि', आणि आपला 'आजच'मधला 'च' तोच त्यांच्या 'इवत्ते'मधला 'ए'. इंग्रज हा 'च' बहुतेक वेळा आवाजाच्या जोरावर भागवतो, आपण त्याला 'ओन्ली' चिकटवतो. कॉफीसुद्धा दोघांना 'हॉट हॉट' लागते, कारण इकडे 'गरम गरम' आणि तिकडे 'बिसि बिसि'.

हा माझा शोध नाही. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडच्या बोलींचा अभ्यास 1971 साली छापला. तिथली मराठी, कन्नड आणि उर्दू शेजारी राहून इतकी जवळ आली होती की शब्द वेगळे, पण वाक्याचा सांगाडा जवळपास एकच. म्हणजे तुमच्या डोक्यात खिचडी नाही, एकच घट्ट सांगाडा आहे. इंग्रजीला तो काही ठराविक जागी बसत नाही, आणि जागा ठराविक आहेत हे तुमच्या पथ्यावरच पडतं.

मी तुमच्या जागी असतो तर आधी हा एक काळ पक्का केला असता. उदाहरणांना आपल्या भागात तोटा नाही. महाराष्ट्राने सीमाप्रश्नाचा दावा 2004 साली सुप्रीम कोर्टात दाखल केला: 'द केस हॅज बीन पेंडिंग सिन्स 2004.' सुरुवात ठाऊक, शेवट नाही, म्हणून 'हॅज बीन'. वर्षं मोजायची तर 'फॉर ओव्हर ट्वेंटी इयर्स'. उलट बेळगाव शहराचं सरकारी नाव 1 नोव्हेंबर 2014 ला 'बेळगावी' झालं, ते काम त्या दिवशीच उरकलं: 'द नेम चेंज्ड इन 2014.' इथे 'हॅज चेंज्ड इन 2014' चालत नाही, कारण संपलेल्या काळाची तारीख आली की 'हॅज'ला जागा नाही. आता हेच स्वतःच्या नोकरीवर, भाड्याच्या खोलीवर, गुडघेदुखीवर लावून मोठ्याने म्हणून बघा.

'ओन्ली'चं एवढं मनावर घेऊ नका, त्याने अर्थ बिघडत नाही. 'अ' आणि 'द' कुठे लावायचे, हे मात्र वेगळं दुखणं आहे. मराठी-कन्नड दोघींकडे ते नाहीतच, त्यामुळे त्याचा प्रश्न स्वतंत्र टाका.