डोक्यात राहत नाही, मॅडम

"वाचतो तेव्हा सगळं कळतं, मॅडम. पेपर हातात आला की पाटी कोरी." चाळिशीनंतर अभ्यासाला बसलेल्या, माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या माणसांकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय, की त्यांचं पुरतं बोलून व्हायच्या आधीच माझ्याकडे उत्तर तयार असतं. राणेंच्या बाबतीत तेच मला नडलं.

राणे (नाव बदललंय) राहायला भांडुपला, नोकरी चेंबूरकडच्या एका कारखान्यात, बॉयलर हाउसवर. मेकॅनिकलचा डिप्लोमा, सतरा वर्षांचा अनुभव. बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची, म्हणजे बीओईची परीक्षा दोनदा हुकलेली, दोन्ही वेळा इंधन आणि ज्वलनाच्या गणितांत. घरात मुलगा बारावीला. बाप नापास होतोय हे त्याच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून हे रात्री स्वयंपाकघरात, ओट्यापाशी पुस्तक उघडायचे.

मी नेहमीचं औषध दिलं: वेळापत्रक. नाइट करून आलात की आधी झोप, मग चार वाजता दीड तास. त्यांनी ते इमानेइतबारे पाळलं. तीन आठवड्यांनी चेहरा तोच. तेव्हा कुठे मला सुचलं, "वही दाखवा."

वही देखणी होती. पट्टीने मारलेल्या रेघा, उत्तराला लाल चौकट, खोडाखोड एकही नाही. गणिताची वही इतकी स्वच्छ असली की समजावं, ती सोडवलेली नाही, उतरवलेली आहे.

मी वही मिटली आणि कोरा कागद पुढे केला. "1 किलो कार्बन पूर्ण जाळायला हवा किती लागेल?" (कधीकाळी रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी केलंय, तेवढं आठवतं.) त्यांनी भराभर लिहिलं: 12 कार्बनला 32 ऑक्सिजन, म्हणजे 1 किलोला 2.67 किलो. इथवर चोख. मग त्याला 0.21 ने भागलं. उत्तर 12.7 किलो. यायला हवं होतं 11.6.

"बघा, विसरलो."

"21 कुठून आणलंत?"

"रोज बघतो की. ऑक्सिजन मोजणाऱ्या अ‍ॅनालायझरची नळी चिमणीतून बाहेर काढली की आकडा 21 वर जातो. आत 3 दाखवला की मी निवांत."

तो अ‍ॅनालायझर आकारमानाने मोजतो. वजनाने पाहिलं तर त्याच हवेत ऑक्सिजन साधारण 23 टक्के भरतो, कारण तो नायट्रोजनपेक्षा जड. किलोचं गणित 23 नेच करायचं. मिथेनचं घनमीटरमध्ये विचारलं असतं तर राणेंचा 21 अगदी बरोबर ठरला असता: 1 घनमीटरला 2 घनमीटर ऑक्सिजन, म्हणजे साधारण 9.5 घनमीटर हवा. सतरा वर्षं डोळ्यांसमोर असलेला खरा आकडा दुसऱ्या खऱ्या आकड्याच्या आड येत होता, आणि आम्ही दोघं त्याला विसराळूपणा म्हणत होतो.

राणे माझ्यासमोरच बायकोला फोन लावून म्हणाले, "अगं, डोकं शाबूत आहे माझं."

पुढे केलं ते थोडकंच. उतरवणं बंद. रोज एक गणित, पुस्तक मिटून. चुकलं तर खोडायचं नाही, कुठे चुकलं ते शेजारी लिहायचं. सुरुवातीलाच समासात एक शब्द: वजन की आकारमान. तशा वहीत महिन्याभरात आणखी एक गाठ सापडली. कोळशात मुळातच असलेला ऑक्सिजन हवेच्या हिशोबातून वजा करायचं त्यांच्याकडून राहून जायचं. छातीतल्या धडधडीवर माझ्याकडे जादू नाही. पेपर मिळाला की प्रश्न वाचण्याआधी शेवटच्या पानावर कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, गंधक यांचे 12, 1, 16, 32 हे अणुभार लिहा, एवढंच सांगितलं. धडधड चालू राहते, पण हात कामाला लागतो.

स्मरणशक्तीच्या गोळ्यांचं विचारणाऱ्यांना मी हल्ली आधी वही आणायला सांगते.

राणेंनी तिसऱ्यांदा पेपर दिलाय, निकाल यायचाय. पुस्तकं मात्र ओट्यावरून बाहेरच्या टेबलावर आलीत, मुलाच्या पुस्तकांशेजारी. घरात कॅल्क्युलेटर एकच, त्यावरून दोघांची रोज भांडणं होतात म्हणे.